ऐकीव अरब, ऐकीव इस्लाम



स्मरणिकेचे संपादकीय म्हणजे वर्षभरातील कार्याचा आढावा, देणगीदारांचे आभार आणि पुढील वर्षाचे संकल्प, अशी आपल्याकडील रूढ चाल आहे. आढावा कार्यवाहांच्या अहवालात आलेला आहे; आभार शेवटच्या पानावर आहेत. या पानावर मात्र यंदा आम्ही अशा एका विषयाला हात घालीत आहोत, की ज्यावरून कार्यकारिणीच्या बैठकीत दोन तास वाद झाला आणि एका ज्येष्ठ सभासदांनी ‘हा आपला विषयच नव्हे’ असे निक्षून सांगितले. विषय आहे इस्लाम आणि अरब जगत यांविषयी आपल्या घराघरांत रुजलेल्या समजुतींचा. तो आपला कसा, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रारंभ एका तारखेने करू. १४ ऑक्टोबर ही तारीख आपल्या मुलांनाही पाठ आहे. १९५६ साली याच दिवशी नागपूरच्या भूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आपणांस धम्माच्या वाटेवर आणून सोडले. २०२३ साली ही तारीख शनिवारी आली होती. सुट्टीचा दिवस म्हणून अनेक गावी आपल्या बंधुभगिनींनी त्याच दिवशी वंदना, भाषणे आणि भोजन असा कार्यक्रम केला. त्याच दिवशी इलिनॉय राज्यात, शिकागोपासून जवळच असलेल्या प्लेनफिल्ड येथे, एका एकाहत्तर वर्षांच्या घरमालकाने आपल्या पॅलेस्टिनी वंशाच्या भाडेकरूच्या सहा वर्षांच्या मुलाला सुऱ्याने भोसकून ठार मारले. आई गंभीर जखमी झाली. हे कुटुंब दोन वर्षे त्याच्याच घरात राहत होते. त्याच महिन्याच्या ७ तारखेस हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली होती, गाझावर बॉम्बवर्षाव सुरू झाला होता. हा गृहस्थ रेडिओवरील बातम्या व चर्चा सतत ऐकत असे आणि त्या ऐकून त्याच्या मनात या मायलेकरांविषयी भय दाटत गेले, असे सरकारी पक्षाने न्यायालयात सांगितले. २०२५ मध्ये त्याला त्रेपन्न वर्षांची शिक्षा झाली आणि काही महिन्यांतच तो तुरुंगवासात मरण पावला. दोन वर्षे ज्या पोराला त्याने अंगणात खेळताना पाहिले, ते पोर त्याला एका आठवड्यात शत्रू दिसू लागले. डोळ्यांनी पाहिलेल्या दोन वर्षांपेक्षा कानांनी ऐकलेला एक आठवडा भारी ठरला.

आपण त्या दिवशी पंचशील घेत होतो, त्यातील पहिले शील कोणते, हे येथे लिहिण्याची गरज नाही. तथापि आम्हांस अधिक अस्वस्थ करते ती आमचीच एक जुनी आठवण. ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२००१ च्या सप्टेंबर महिन्यात आम्ही निवासी डॉक्टर होतो. न्यूयॉर्कच्या त्या घटनेला आठवडाही लोटला नव्हता. वॉर्डात एका वृद्ध रुग्णाचे रक्त काढण्यास गेलो असता त्याने आमच्या चेहऱ्याकडे पाहून हात मागे घेतला आणि विचारले, ‘तुम्ही मुसलमान का?’ आम्ही घाईघाईने उत्तरलो, ‘छे, छे! मी बौद्ध आहे. भारतातला.’ रुग्ण हसला, हात पुढे केला, आम्ही रक्त काढले आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकला. शेजारच्या खाटेपाशी आमचा इजिप्तचा सहकारी उभा होता. त्याच दुपारी त्याच रुग्णाने त्याला मात्र त्याचे नाव वाचून परत पाठवले. आता हा सहकारी मुसलमान नव्हताच. तो कॉप्टिक ख्रिस्ती होता. इजिप्तमधील ख्रिस्ती लोकांत मनगटाच्या आतल्या बाजूस क्रूस गोंदवून घेण्याची जुनी चाल आहे, तसा त्याच्या मनगटावर होता. मनगट उलटे करून दाखवले असते तर प्रश्न तेथेच मिटला असता. त्याने बाही खाली ओढली आणि तो निघून गेला. रात्री चहा घेताना आम्ही त्यास कारण विचारले. तो म्हणाला, ‘मी क्रूस दाखवला असता तर पलीकडच्या वॉर्डातल्या आपल्या सीरियन मुलीने काय दाखवायचे होते?’

आम्ही निरुत्तर झालो. ज्या जातिव्यवस्थेतून आम्ही आलो तिच्यात ‘मी तो नव्हे’ या वाक्याचा अर्थ काय होतो, हे आम्हांला त्या मित्रापेक्षा अधिक ठाऊक असावयास हवे होते. आपल्यातील किती जणांनी शहरात आडनाव बदलून, आळी बदलून, भाड्याच्या खोलीसाठी ‘मी तो नव्हे’ असे सांगितले आहे! त्यांना आम्ही दोष देत नाही. पोट आणि प्राण यांपुढे माणूस वाकतो. परंतु तसे सांगताना खालच्या पायरीवर दुसऱ्या कोणाला तरी उभे करावे लागते, हे विसरता येत नाही.

या देशात भारतीयांनी हा प्रयोग फार पूर्वी करून पाहिला आहे. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या नागरिकत्वाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. परदेशातून आलेल्यांना नागरिकत्व तेव्हा गोरे किंवा आफ्रिकी वंशाचे असतील तरच मिळे. थिंद यांच्या वतीने युक्तिवाद झाला तो असा, की आपण उच्चवर्णीय आर्य आहोत आणि गोरा अमेरिकन निग्रोकडे ज्या दृष्टीने पाहतो त्याच दृष्टीने उच्चवर्णीय हिंदू भारतातील मूळ आदिवासींकडे पाहतो. सबब आपणांस गोरे मानावे. बाबासाहेब याच देशात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, १९१३ ते १९१६ या काळात शिकून गेले होते. आणि त्यांच्या मागोमाग अवघ्या सात वर्षांनी येथील सर्वोच्च न्यायालयात जात हे प्रमाणपत्र म्हणून सादर झाले! न्यायालयाने ते मानले नाही. थिंद हरले. दुसऱ्याला खाली लोटून वर चढण्याचा डाव तेव्हाही फुकट गेला.

२००१ नंतरही तेच घडले. १५ सप्टेंबर २००१ रोजी ॲरिझोनातील मेसा येथे पेट्रोल पंपाच्या शीख मालकास फेट्यामुळे अरब समजून गोळ्या घातल्या गेल्या. २०१२ साली विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वाऱ्यात सहा जण जागीच मारले गेले. २०१७ साली कॅन्ससमधील ओलाथे येथे हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा इराणी समजून खून झाला. अशा प्रत्येक वेळी वृत्तपत्रांनी एक शब्दप्रयोग केला : ओळखीची चूक. आम्हांस या शब्दप्रयोगाची विलक्षण चीड येते. ओळख बरोबर असती तर गोळी योग्य ठरली असती काय?

येथे कोणी म्हणेल, की हे सारे वेडगळ मारेकऱ्यांचे कृत्य आहे, त्यास प्रसारमाध्यमे काय करणार? एक दाखला देतो. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा शहरातील सरकारी इमारत बॉम्बने उडवली गेली आणि एकशे अडुसष्ट माणसे मेली. पहिल्या काही तासांतच दूरचित्रवाणीवरील जाणकारांनी बोट मध्यपूर्वेकडे दाखवले. त्या शहरात राहणाऱ्या अरब कुटुंबांनी ते तास कसे काढले असतील याची कल्पना करावी. स्फोट घडवणारा निघाला टिमथी मॅक्व्हे, अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेला गोरा तरुण. त्यानंतर सर्व गोऱ्या सैनिकांच्या धर्माची चिकित्सा कोणी केली नाही. ती करूही नये. प्रश्न एवढाच, की एकाचा अपराध एकट्याचा आणि दुसऱ्याचा अपराध साऱ्या जमातीचा, हे माप कोणी ठरवले?

हे माप मनोरंजनातूनही हळूहळू तयार होते. लेबनीज ख्रिस्ती घराण्यात, याच देशात जन्मलेले जॅक शाहीन यांनी आयुष्य घालवून नऊशेहून अधिक हॉलिवूडपट तपासले आणि २००१ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. अरब माणूस भला माणूस म्हणून दिसतो असे चित्रपट त्यांना जेमतेम डझनभर सापडले. आपल्या मुलांनी लहानपणी शंभरदा पाहिलेल्या डिस्नेच्या १९९२ सालच्या ‘अलादीन’मधील पहिल्याच गाण्यात अरबांच्या देशाविषयी असे काही शब्द होते, की अरब-अमेरिकन संघटनांच्या निषेधानंतर १९९३ च्या व्हिडिओ आवृत्तीत त्यांतील काही बदलावे लागले. आमच्या मुलीने ते गाणे पाठ केले होते आणि आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवल्या होत्या.

धम्मबंधूंनो, दुसऱ्याच्या लेखणीतून रंगवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याहून अधिक कोणास कळावे? ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढले ते कशासाठी? मुंबई इलाख्यात वर्तमानपत्रांची वाण नव्हती. परंतु ती विशिष्ट जातींच्या हितापलीकडे पाहत नव्हती. ‘केसरी’ने तर पैसे घेऊनही ‘मूकनायक’ची जाहिरात छापण्यास नकार दिला, हा इतिहास आपणांस माहीत आहे. पुढे १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधीविषयक ग्रंथात बाबासाहेबांनी एक स्वतंत्र प्रकरण परकीयांना उद्देशून लिहिले. भारताविषयी जे काही त्या परकीयाला कळते ते एकाच बाजूच्या वृत्तपत्रांतून व प्रचारातून कळते आणि म्हणून अस्पृश्यांचे खरे दुःख त्याच्या कानी पोहोचतच नाही, ही त्यांची व्यथा होती.

आज तो परकीय आपण आहोत. अरबांच्या संदर्भात, गाझाच्या, येमेनच्या, सुदानच्या संदर्भात आपण सोफ्यावर बसलेले ते परकीय आहोत, ज्यांना दुसऱ्या कोणी तरी कथा सांगत आहे. आणि आपल्या घरात तर दोन नळांतून पाणी येते. एक नळ येथील दूरचित्रवाणीचा. दुसरा मायदेशाहून भ्रमणध्वनीवर येणाऱ्या मजकुराचा, जो मराठीत असल्यामुळे आणि मावशीने किंवा वर्गमित्राने पाठवलेला असल्यामुळे आपणांस अधिक विश्वासार्ह वाटतो. या दुसऱ्या नळाच्या पाण्याची तपासणी वैद्य म्हणून आम्ही एकदा केली होती. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, कोरोनाची साथ सुरू झाली असता, तबलिगी जमातीच्या दिल्लीतील मेळाव्याचे निमित्त करून भारतातील वाहिन्यांनी साथीलाच धर्म चिकटवला. मुसलमान मुद्दाम रोग पसरवीत आहेत असे मजकूर आमच्या शिकल्यासवरल्या नातलगांनी आम्हांला पाठवले. त्या वेळी येथील रुग्णालयांत आमच्या शेजारी पाकिस्तानी, सीरियन, इराकी डॉक्टर रुग्णांच्या घशात नळ्या घालत होते. मेळाव्यात गर्दी झाली, त्या गर्दीत साथ पसरली, हे खरेच आहे. कोणत्याही गर्दीत ती पसरते. परंतु विषाणूला हेतू नसतो. पुढे २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलिगीच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा बनवले गेल्याचे म्हटले आणि माध्यमांच्या प्रचारावर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. गुन्हे आपल्या अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले होते. निकालाची बातमी आम्ही त्याच नातलगांना पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही.

आता बैठकीतील वादाकडे वळतो. कारण आक्षेप घेणारे आमचे ज्येष्ठ बंधू उथळ गृहस्थ नव्हेत, त्यांनी बाबासाहेबांचे खंड वाचलेले आहेत. त्यांचा पहिला मुद्दा असा : खुद्द बाबासाहेबांनी मुस्लिम समाजावर टीका केली आहे, मग आपण त्यांची तरफदारी का करावी?

टीका केली आहे, आणि सडेतोड केली आहे. भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाची मीमांसा करताना त्यांनी मुस्लिम आक्रमणांना मोठे कारण मानले. मूर्ती या अर्थाचा ‘बुत’ हा शब्द ‘बुद्ध’ यावरूनच आला, याकडे त्यांनी लक्ष वेधले. १९४० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाकिस्तानविषयक ग्रंथात त्यांनी मुस्लिम समाजातील पडदा, सुधारणेचा अभाव आणि जातिभेद यांवर बोट ठेवले; बंगालच्या १९०१ च्या शिरगणतीचा आधार देऊन अश्रफ, अजलफ आणि अरजल अशा पायऱ्या दाखवल्या. १९३४ साली सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहण्यास गेले असता, वेशीजवळच्या हौदावर धुळीने माखलेले हातपाय धुतले म्हणून मुसलमानांनीच त्यांना ‘ढेडांनी हौद बाटवला’ असे म्हणत घेरले, हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आणि त्याच बाबासाहेबांच्या चरित्रात १९२७ चे महाडही आहे. मार्चमध्ये चवदार तळ्यावरून परतणाऱ्या आपल्या लोकांवर सवर्णांनी हल्ला केला तेव्हा अनेकांना आसरा मिळाला तो मुसलमानांच्या घरांत. डिसेंबरच्या परिषदेला मंडप घालण्यास हिंदूंपैकी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. मनुस्मृती जळाली ती त्या भूमीवर.

दौलताबाद खरे की महाड खरे? दोन्ही खरी. बाबासाहेबांनी एक सांगून दुसरे लपवले नाही. त्यांची टीका ग्रंथ, शिरगणती आणि स्वानुभव यांच्या पायावर उभी होती. भ्रमणध्वनीवरील चार ओळी पुढे ढकलून आपण त्यांच्या टीकेचे वारसदार होऊ शकत नाही. केसपुत्त नगरीच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, त्यात पहिलाच नकार ऐकीव गोष्टीला आहे, हे आपण दर वर्षी धम्मवर्गात मुलांना शिकवतो.

दुसरा मुद्दा बामियानचा. मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या महाकाय बुद्धमूर्ती तोफा आणि सुरुंग लावून उद्ध्वस्त केल्या, तेव्हा आम्हीही रडलो होतो. ती जखम आम्ही नाकारत नाही. परंतु त्या दुःखातही काही गोष्टी माहीत करून घ्याव्या लागतात. अफगाण हे अरब नव्हेत. त्या मूर्ती मुसलमानी मुलखात हजार वर्षांहून अधिक काळ उभ्या होत्या. त्यांच्या पायथ्याशी राहणारे हजारा लोक मुसलमानच, आणि तालिबानने त्यांचाही छळ मांडला होता. मूर्ती पाडू नयेत हे सांगण्यास इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेचे जे शिष्टमंडळ गेले, त्यात इजिप्तचे मुफ्ती होते. तालिबानने त्यांचेही ऐकले नाही.

आणि आता आरसा आपल्याकडे वळवू. जुलै २०१३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर म्यानमारच्या अशिन विराथु या भिक्खूचे छायाचित्र झळकले आणि त्यावर बौद्ध दहशतीचा चेहरा अशा अर्थाचे शब्द होते. चीवर आपलेच. २०१७ मध्ये म्यानमारच्या सैन्याने रोहिंग्या मुसलमानांची गावे जाळली, सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. त्या वर्षी कामाच्या ठिकाणी आमच्या एका सहकारिणीने सहज विचारले, ‘तुमचा धर्म तर शांततेचा ना?’ आम्ही तिला थेरवाद, महायान, नवयान, नागपूर, बावीस प्रतिज्ञा असे सारे सांगत बसलो. तिच्या चेहऱ्यावर जे सौम्य अविश्वासाचे हसू होते ते आम्ही ओळखले. मुसलमान शेजारी आपला धर्म समजावू लागला की आपल्याच चेहऱ्यावर ते असते.

मग जाणून घ्यायचे काय? फार साध्या गोष्टींपासून आरंभ करावा लागतो. अरब आणि मुसलमान हे दोन शब्द समानार्थी नव्हेत. जगातील मुसलमानांत अरब सुमारे एक पंचमांश. सर्वाधिक मुसलमान इंडोनेशियात. इराणी आणि तुर्क हे अरब नव्हेत. उलटपक्षी, या देशात प्रथम आलेले अरब बहुतांशी लेबनॉन-सीरियाकडील ख्रिस्ती होते. हृदयशस्त्रक्रियेत ज्यांचे नाव प्रत्येक वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते ते मायकेल डीबेकी अशाच लेबनीज ख्रिस्ती आईबापांच्या पोटी लुइझियानात जन्मले. अमेरिकेतील मुसलमानांत सुमारे एक पंचमांश कृष्णवर्णीय आहेत, आणि त्यांची कहाणी तर गुलामीच्या जहाजापासून सुरू होते. ओमर इब्न सईद हा सेनेगलकडील विद्वान १८०७ साली चार्ल्सटनच्या बंदरात गुलाम म्हणून विकला गेला. १८३१ साली, गुलामीतच असताना, त्याने आपले आत्मचरित्र अरबी भाषेत लिहिले. ती मूळ हस्तलिखित पाने आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. दया पवार, शंकरराव खरात आणि कुमुद पावडे यांची आत्मकथने ज्यांच्या कपाटात आहेत, त्यांनी ही पंधरा-सोळा पाने एकदा अवश्य पाहावीत. मालकाला न कळणाऱ्या लिपीत स्वतःविषयी लिहिणे ही काय गोष्ट असेल!

वैद्य म्हणून थोडे आमच्या आवडीचे सांगण्याची मुभा असावी. आमच्या पाठ्यपुस्तकांत रक्ताभिसरण म्हणजे १६२८ चा हार्वे, एवढेच होते. फुफ्फुसांतून होणारे अभिसरण तेराव्या शतकातच कैरोच्या इब्न अल-नफीस यांनी लिहून ठेवले होते, हे आम्हांला पन्नाशीला टेकल्यावर कळले. देवी आणि गोवर यांतील भेद अल-राझी यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहून स्पष्ट केला. इब्न सिना यांचा ‘कानून’ युरोपच्या विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकवला जात होता. (हे दोघेही इराणी, परंतु लिहिले अरबीत, जसे आपले विद्वान इंग्रजीत लिहितात.)

त्याहून आश्चर्याची गोष्ट आपल्या धम्माशी जोडलेली आहे. बगदादचा खलिफा हारून अल-रशीद याचा वजीर यह्या हा बरमकी घराण्यातील. ‘बरमक’ हा शब्द ‘प्रमुख’ या संस्कृत शब्दाचे रूप, आणि हे घराणे म्हणजे बल्ख येथील नवविहार या बौद्ध विहाराचे वंशपरंपरागत प्रमुख! याच यह्याने सुश्रुतसंहितेचे अरबी भाषांतर करवून घेतले, वनस्पती गोळा करण्यास आणि तेथील धर्मांची माहिती आणण्यास माणूस भारतात पाठवला. ८०३ साली खलिफाची मर्जी फिरली आणि हे घराणे धुळीस मिळाले. पण त्या काळात बुद्धचरित्रही अरबीत गेले. बोधिसत्त्वाचे झाले बूदासफ; अरबी लिपीत ‘ब’ आणि ‘य’ यांत एका टिंबाचा फरक, त्यामुळे लेखनिकांच्या हातून झाले यूदासफ; तेथून जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन असा प्रवास करीत झाले जोसाफात, आणि रोमन ख्रिस्ती संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर ही तिथी त्यांना मिळाली. तथागतांची कथा युरोपला अरबांच्या हातून मिळाली, आणि शेकडो वर्षे कोणास पत्ताही नव्हता, की आपण सिद्धार्थालाच नमन करीत आहोत.

मुलांना हे सांगा. आणि हेही सांगा, की आपल्या चळवळीचे कितीतरी शब्द अरबीतून मराठीत आले आहेत. ‘हक्क’ अरबी. ‘तक्रार’ अरबी. ज्या महार वतनाच्या बेड्या तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले, त्यातील ‘वतन’ हा शब्द अरबी. तेथे त्याचा अर्थ मायभूमी, आपल्याकडे त्याचा अर्थ गावकीची वेठ. आणि आपण रोज ज्या नावाने त्यांना हाक मारतो त्या ‘बाबासाहेब’मधील ‘साहेब’ हाही अरबी ‘साहिब’च. त्याचा मूळ अर्थ सोबती.

जाणून घेणे म्हणजे गुणगान नव्हे, हेही स्पष्ट करतो. आखाती देशांत आपल्या कोकणातील, मराठवाड्यातील कामगारांना मालकाच्या मर्जीवर बांधून ठेवणारी कफाला पद्धत, काढून घेतलेली पारपत्रे, थकवलेले पगार, यांवर आपण लिहिले पाहिजे. सौदी अरेबियाने गुलामगिरी कायद्याने बंद केली ती १९६२ साली, हे विसरता येत नाही. स्त्रियांच्या प्रश्नावर हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ‘सत्यशोधक’ हा शब्द त्यांनी जोतिबांकडून घेतला, आणि जोतिबांनी ‘मानव महंमद’ हा अखंड लिहून पैगंबरांविषयी आदर व्यक्त केला होता. आदर आणि चिकित्सा यांचे वैर असते ही समजूत आमच्या परंपरेतील नव्हे.

एक शेवटचा मुद्दा, आणि तो आमच्या ज्येष्ठ बंधूंना सर्वांत जास्त बोचला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या आईवडिलांना केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. चौतीस वर्षे ‘धर्म बदलला म्हणजे अस्पृश्यता संपली’ असे आपल्याला ऐकवले गेले, आणि ते खोटे आहे हे आपल्या पाठीला ठाऊक होते. मुसलमान आणि ख्रिस्ती झालेल्या दलितांना १९९० मध्येही त्या आदेशाबाहेरच ठेवले गेले. २०२२ साली या प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. जे वाक्य आपल्याला ऐकवले गेले तेच आज आपल्यातील काही जण त्यांना ऐकवतात. बैठकीत आम्ही हे बोललो तेव्हा बंधू काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘लिहा. पण दौलताबादही लिहा.’ आम्ही ते लिहिले आहे.

कार्यकारिणीने काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या कळवतो. संघटनेच्या ग्रंथालयासाठी एडवर्ड सैद यांचे १९७८ चे ‘ओरिएंटॅलिझम’ आणि १९८१ चे ‘कव्हरिंग इस्लाम’ घेतले आहे. सैद ज्या कोलंबिया विद्यापीठात चाळीस वर्षे शिकवत होते ते बाबासाहेबांचेच विद्यापीठ. पुस्तके अवघड आहेत. दोघा-तिघांनी मिळून वाचावीत. उन्हाळी शिबिरातील मुलांना मिशिगनमधील डिअरबॉर्न येथील अरब-अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय दाखवण्याचा विचार आहे. ते २००५ साली उघडले आणि त्याच गावच्या फोर्डच्या कारखान्यात एकेकाळी अरब कामगारांच्या पिढ्या राबल्या. प्रवासखर्चासाठी वर्गणी द्यावी लागेल.

आणि पुढील धम्मवर्गाच्या रविवारी आम्ही आमच्या त्या जुन्या इजिप्शियन सहकाऱ्याला, आणि त्याच्याबरोबर त्या सीरियन डॉक्टर भगिनींना, भोजनास बोलावले आहे. दोघेही आता आमच्याच वयाचे, पिकल्या केसांचे आहेत. त्यांना भाषण करावयाचे नाही. मुलांनी प्रश्न विचारावयाचे आहेत. हिजाब, हलाल, हमास, काहीही विचारावे, असे त्या भगिनींनीच सांगितले आहे. त्यांचीही एक अट आहे : त्यांना जातीविषयी आपल्याला प्रश्न विचारावयाचे आहेत. त्यांनी आजवर जे काही ऐकले ते येथील एका सवर्ण भारतीय शेजाऱ्याकडून ऐकले आहे, आणि त्यानुसार भारतात आता जात उरलेलीच नाही. तेव्हा मोठ्यांनीही तयारीने यावे. स्वयंपाकात डुकराचे मांस नसावे. बाकी आपले नेहमीचे वरण, भात, भाकरी आणि ठेचा चालेल, असे विचारून घेतले आहे.

जयभीम!